डॉक्टरकडे जाताना या चुका टाळा, नाहीतर आपली गोष्ट चारचौघांत जाते

आपल्याकडे पेशंट एक आणि केबिनमध्ये माणसं चार. डॉक्टर विचारतात आधी कधी अबॉर्शन झालंय का, शेजारी सासूबाई बसलेल्या, मग ती नाही म्हणते आणि त्या खोट्या 'नाही'वर पुढचे उपचार ठरतात. मला हे बघून फार वाईट वाटतं. सरळ सांगा, डॉक्टर, मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय. खरंतर डॉक्टरांनीच बाकीच्यांना बाहेर पाठवायला हवं, पण ओपीडीच्या गर्दीत राहून जातं, म्हणून आपणच बोलायचं.

दारू-तंबाखू पण लपवू नका. भूल देण्याआधी विचारतात ते तुमच्या जिवासाठी. डॉक्टरांवर लक्ष ठेवणाऱ्या मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत लिहिलंय की पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडायचं नाही, अपवाद म्हणजे कोर्टात जजचा आदेश, ठराविक माणसाला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि सरकारला कळवायचे आजार. टीबी त्यातलाच, २०१२ पासून प्रायव्हेट डॉक्टरलाही कळवावा लागतो, त्यामुळे आरोग्य खात्यातून फोन आला तर डॉक्टरशी भांडायला जाऊ नका. अठराच्या आतल्या मुलांवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्याखाली तेही कळवावंच लागतं.

एचआयव्हीचं वेगळं आहे. २०१७ च्या कायद्याने जोडीदाराला सांगायचं तरी आधी पेशंटलाच समजावून सांगायला लावायचं, तो सांगणारच नाही असं दिसलं तर, आणि त्याला तशी कल्पना देऊन मगच डॉक्टर बोलू शकतात. नातेवाईकांना, ऑफिसला परस्पर सांगणं अजिबात चालत नाही.

आणि रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथून तो कुठे जाईल सांगता येत नाही, त्यात डॉक्टरचा काय दोष? मेडिक्लेमच्या फॉर्मवर सही करायच्या आधी वाचा, कंपनीला रेकॉर्ड बघायची परवानगी बऱ्याचदा त्यातच असते.

एवढं करूनही हॉस्पिटलमधूनच बातमी फुटली तर काउंटरवर ओरडण्यात दम घालवू नका. आधी आपल्या कागदपत्रांसाठी लेखी अर्ज द्या, ७२ तासांत द्यायचा नियम आहे, मग हॉस्पिटलच्या प्रमुखांना तारखेसकट लेखी तक्रार करून पोच घ्या, आणि डॉक्टरनेच फोडलं असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तीच कागदपत्रं जोडून तक्रार करा.