खोकताना लघवी निसटते? ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम नेमके कसे करायचे

खोकला, शिंक, हसू, जिना उतरणं, पाण्याची बादली उचलणं, यांपैकी काहीही झालं की थोडी लघवी निसटते. ही झाली दाबामुळे होणारी गळती. दुसरा प्रकार घाईचा: अचानक जोराची लागते आणि संडासापर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. अनेक स्त्रियांना दोन्ही त्रास एकदम असतात. ‘बाळंतपणानंतर असं व्हायचंच’, ‘आता वय झालं’ असं सांगून त्यांना गप्प बसवलं जातं, आणि मग लग्नकार्य, एसटीचा प्रवास, सकाळचं फिरणं एकेक करून बंद होतं. हा त्रास मुकाट्याने सोसायचा नसतो. त्यावरचा पहिला उपचार औषध किंवा शस्त्रक्रिया नसून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा आहे.

हे स्नायू पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय त्यांच्या आधारावर असतात. खोकल्याने पोटातला दाब वाढतो, तेव्हा ही झोळी वर उचलली जाते आणि मूत्रमार्ग दाबून बंद ठेवते. ती ढिली असेल किंवा वेळेवर उचलली जात नसेल, तर लघवी निसटते.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाची पद्धत मांडली, आणि आज ‘केगेल’ हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ऐकून केलेला व्यायाम बरेचदा चुकतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन लगेच तपासलं, तर जेमतेम निम्म्या स्त्रियांचं आकुंचन बरोबर होतं. सुमारे पाव स्त्रिया तर असा जोर लावत होत्या की गळती उलट वाढावी. म्हणून दिवसाला शंभर वेळा आवळण्याआधी योग्य स्नायू सापडला आहे ना, याची खात्री करायची.

सुरू करण्याआधी

लघवीतून रक्त, ताप आणि जळजळ, लघवी अजिबात न होणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला, पायांतली ताकद गेली आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणक्यातल्या नसांवर दाब आल्याची ती खूण असू शकते. बाकी सगळ्यांनी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असताना नुसत्या व्यायामाने फरक पडत नाही.

मग तीन दिवसांची नोंद ठेवा. सलग तीन दिवस नसले तरी चालेल, पण त्यांत एक दिवस कामाचा आणि एक सुट्टीचा असावा. अर्ध्या लिटरचं खुणा असलेलं प्लास्टिकचं मोजपात्र संडासात ठेवायचं आणि प्रत्येक वेळी वेळ, लघवीचं माप, गळती झाली का, तेव्हा काय करत होता आणि काय किती प्यायलं, हे लिहायचं. साधारणपणे एका वेळी २५० ते ४०० मिली, दिवसात सहा ते आठ वेळा आणि रात्री फार तर एकदा, हे ठीक समजावं. दर पाऊण तासाला जाऊन जेमतेम १०० मिली होत असेल, तर ‘बाहेर पडायचंय, जाऊन येते’ ही सवय मूत्राशयाला लागलेली असते. दिवसभराची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल, तर किती पाणी पिता ते बघा आणि साखर तपासा. वयस्कर माणसांत एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रात्री होत असेल आणि संध्याकाळी पाय सुजत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा. ही वही फिजिओथेरपिस्टकडे पहिल्या भेटीलाच न्या.

स्नायू शोधणं

पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली उशी घ्या. श्वास सावकाश सोडता सोडता वायू रोखल्यासारखं गुदद्वार आत ओढा. तीच ओढ पुढे योनीकडे आणि लघवीच्या जागेकडे आणा. हालचाल आत आणि वर जायला हवी. मग पूर्ण सोडून द्या.

खात्री करण्याचे तीन मार्ग आहेत. हातात छोटा आरसा धरून पाहिलं, तर योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग आत ओढला जाताना दिसतो. तो बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथत आहात, लगेच थांबा. स्वच्छ धुतलेलं बोट योनीत दोन-तीन सेंटिमीटर आत ठेवलं, तर भोवती आवळल्याची आणि वर उचलल्याची जाणीव होते. ते नको वाटत असेल, तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर बसा आणि तिच्यावरून अंग उचललं जातंय का ते पाहा.

श्वास रोखणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आकुंचन धरून मोठ्याने एक ते पाच मोजा; बोलता येत नसेल तर श्वास अडकला आहे. दुसरी चूक नितंब आणि मांड्या आवळण्याची. त्या मोठ्या स्नायूंच्या जोरात खालच्या छोट्या स्नायूचं काम झाकलं जातं आणि खूप व्यायाम केल्याचं समाधान तेवढं मिळतं. बेंबीखालचं पोट हलकंसं आत जाणं मात्र चालतं.

लघवी करताना धार मध्येच अडवणं हा व्यायाम नाही. स्नायू ओळखायला फार तर एकदा करून पाहा. रोज तसं केलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि संसर्गाला वाव मिळतो.

किती, किती वेळा

आधी आपली मर्यादा मोजा. आकुंचन ढिलं न पडता किती सेकंद टिकतं? दोन आकुंचनांत विश्रांती घेत ते किती वेळा नीट जमतं? समजा तीन सेकंद आणि पाच वेळा. तर सुरुवात तिथूनच: तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, असं पाच वेळा. मग मिनिटभर थांबून पाच झटपट आकुंचनं, एका सेकंदात आवळून लगेच सोडायची. पहिला प्रकार तग धरण्यासाठी आणि दुसरा खोकल्याच्या क्षणासाठी, म्हणून दोन्ही हवेत. हे दिवसातून तीन वेळा. दर आठवड्याला एखादा सेकंद किंवा एक-दोन आकुंचनं वाढवत दहा सेकंदांची दहा आणि झटपट दहा इथपर्यंत न्या. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना एका वेळी किमान आठ आकुंचनं, दिवसातून तीन वेळा आणि किमान तीन महिने, असं सांगतात.

सोडण्याचा वेळ कापू नका. थकलेला, अर्धवट आवळलेला स्नायू पुढचं आकुंचन नीट करूच शकत नाही, आणि सतत आवळून ठेवायची सवय लागली तर दुखणं मागे लागतं.

पहिले दोन-तीन आठवडे झोपून करा, मग बसून, मग उभं राहून. उभं राहिल्यावर वरून भार येतो, त्यामुळे सेकंद कमी होतील; ते अपेक्षितच आहे. पुढे खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना करायला लागा. त्रास शेवटी हालचालीतच होतो, म्हणून गादीवर आलेली ताकद हालचालीत उतरवायला हवी.

बहुतेक जणी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कंटाळून सोडतात. सुरुवातीचा फरक नसा आणि स्नायू यांचं जुळणं सुधारल्याने पडतो. स्नायू जाड आणि बळकट व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. चहा, दुपारचं जेवण, रात्रीचं अंथरूण अशा ठरलेल्या वेळांशी व्यायाम जोडला की चुकत नाही.

खोकल्याच्या आधी आवळणं

एवढी एकच गोष्ट शिकली तरी लवकर फरक दिसतो. खोकला येतोय असं वाटताच स्नायू आवळायचा, खोकायचं आणि मगच सोडायचं. १९९८ च्या एका अभ्यासात २७ स्त्रियांना हे शिकवलं आणि एका आठवड्यातच त्यांची खोकतानाची गळती बरीच कमी झाली. स्नायू तेवढ्यात बळकट होणं शक्य नव्हतं. फरक फक्त वेळ साधल्याचा होता. उभं राहून मुद्दाम हलकं खोकून सराव करा, मग जोराने, मग मूत्राशय थोडं भरलेलं असताना. बादली, कळशी किंवा मूल उचलतानाही तेच: आधी आवळा, श्वास सोडत उचला. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर जवळजवळ ३० किलोचा असतो. तो उचलायचा नाही, दुसऱ्या कुणाला तरी सरकवायला सांगायचं.

घाईसाठी वेगळी पद्धत

जोराची लागली की पळू नका. असाल तिथे थांबा, शक्य असल्यास बसा आणि पाच-सहा झटपट आकुंचनं करा. त्यामुळे मूत्राशयाचं आकुंचन शमायला मदत होते. मन दुसरीकडे वळवायला सतराचा पाढा उत्तम. कळ ओसरली की सावकाश चालत जा. नोंदवहीत दोन वेळांमधलं सरासरी अंतर एक तास असेल, तर पहिला आठवडा सव्वा तास, पुढचा दीड तास, असं तीन तासांपर्यंत न्यायचं. किमान सहा आठवडे द्या.

चहा-कॉफी निम्म्यावर आणून पंधरा दिवस फरक पाहा. पाणी मात्र तोडू नका. गडद, घट्ट लघवी मूत्राशयाला जास्त टोचते आणि बद्धकोष्ठही वाढतो.

संडासातल्या सवयी

रोजच्या कुंथण्याने हे स्नायू खाली ताणले जातात आणि केलेल्या व्यायामावर पाणी पडतं. भारतीय पद्धतीच्या संडासावर उकिडवं बसणं शौचाला चांगलंच, पण गुडघे साथ देत नसतील तर कमोडसमोर वीसेक सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवून गुडघे कंबरेच्या वर आणा, कोपरं मांड्यांवर टेका, पोट सैल सोडा आणि श्वास सोडत शौच होऊ द्या. दहा मिनिटांत झालं नाही तर उठा.

सार्वजनिक स्वच्छतागृहात कमोडला अंग न लावता अर्धवट वाकून लघवी केली जाते. स्वच्छतेची अवस्था पाहता ते समजण्यासारखं आहे, पण त्या अवस्थेत हे स्नायू पूर्ण सुटत नाहीत आणि लघवी शिल्लक राहते. पिशवीत कागदी सीटकव्हर ठेवा आणि टेकून बसा.

कुणी आवळू नये

संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीची धार सुरू व्हायला वेळ लागणं, बसल्यावर ओटीपोटात किंवा गुदद्वाराजवळ ठणका, लघवीतले जंतू शोधणारी कल्चर तपासणी वारंवार निर्दोष येऊनही जळजळ, अशी लक्षणं असतील तर हे स्नायू बहुधा ढिले नसून ताठर असतात. अशा रुग्णाला केगेल सांगणं म्हणजे दुखणं वाढवणं. त्यांना सोडायला शिकायचं असतं: श्वास घेताना पोट आणि बरगड्या फुलू द्यायच्या, खालचा भाग सैल खाली उतरू द्यायचा, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, जोडीला बालासन (गुडघ्यांवर बसून पुढे वाकणं) आणि आधार घेऊन मालासन (उकिडवं बसणं). हे पुरुषांमध्येही आढळतं. इथे तपासणीशिवाय घरीच उपचार सुरू करू नयेत.

पुरुषांना प्रोस्टेटची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर व्यायाम आधीच शिकावा. लिंग आत ओढलं जावं आणि अंडकोश किंचित वर उचलला जावा, ही त्यांची खूण. लघवीची नळी घातलेली असेपर्यंत आवळायचं नाही. ती काढल्यावर सुरू करायचं.

साध्या बाळंतपणानंतर लघवी नीट व्हायला लागली की काही दिवसांतच हलकी आकुंचनं सुरू करता येतात. टाके गुदद्वारापर्यंत गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पोटपट्टा बांधायची आपल्याकडची रीत आहे, पण श्वास अडेल इतका घट्ट बांधला तर दाब खाली, नेमका दुखावलेल्या स्नायूंवरच येतो. धावणं-उड्या मारणं तीन महिन्यांआधी नको. खाली जडपणा किंवा काही बाहेर येतंय असं वाटलं, तर अंग बाहेर येत आहे का हे तपासून घ्या. त्यावर व्यायाम आणि योनीत बसवायची रिंग असे उपाय आहेत.

फिजिओथेरपिस्टकडे काय होतं

या विषयाचं खास प्रशिक्षण घेतलेली आणि राज्याच्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती निवडा. आधी प्रश्न विचारले जातात, मग तुमची स्पष्ट संमती घेऊन हातमोजा घातलेल्या एका बोटाने योनीतून तपासणी होते. ताकदीला शून्य ते पाच असे गुण दिले जातात. सोबत माणूस बसवायचा, तपासणी मध्येच थांबवायला सांगायचं किंवा ती नाकारायची, हे सगळे हक्क तुमचे आहेत. नाकारलीत तर पोटावरून सोनोग्राफी करूनही स्नायूंची हालचाल पाहता येते. अविवाहित मुलींच्या बाबतीत तर हा पर्याय आधी सांगितलाच गेला पाहिजे.

सौम्य वीजप्रवाहाने हे स्नायू आकुंचित करणारं विजेचं यंत्र सरसकट प्रत्येकीला लावण्याची गरज नसते. स्वतःहून आकुंचन जमतच नाही, अशांना ते उपयोगी पडतं. गरोदरपणात, पेसमेकर असताना किंवा संसर्ग असताना ते लावत नाहीत. घाईच्या त्रासासाठी घोट्याजवळच्या नसेला सौम्य विद्युतप्रवाह देण्याचा उपचार आहे: दर आठवड्याला ३० मिनिटं, १२ आठवडे.

तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची नोंद ठेवा आणि पहिलीशी ताडून पाहा. सुधारणा असेल तर व्यायाम कमी करत आठवड्यातून तीन-चार दिवसांवर आणा, पण बंद करू नका. आकुंचन बरोबर होतंय अशी तपासणीत खात्री झाली आणि तरीही गळती तशीच असेल, तर स्त्रीरोग किंवा मूत्ररोगतज्ज्ञांकडे पुढच्या तपासण्यांसाठी जा. दोन्ही नोंदवह्या बरोबर न्या.