उतारवयात जड धातूंची बाधा: या चुका टाळा

तळपायांना मुंग्या येतात, तोल जातो, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. घरचे म्हणतात, 'आता वय झालं.' बरेचदा ते खरंही असतं. पण शिसं, पारा किंवा आर्सेनिकची बाधाही अशीच दिसू शकते. शिवाय निवृत्त माणसाला 'काम काय करत होतात?' असं सहसा कोणी विचारत नाही, आणि पहिली गडबड तिथेच होते.

'ती नोकरी सोडून वीस वर्षं झाली'

म्हणून प्रश्न मिटला, असं नाही. शिसं हाडांत कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. प्रौढांच्या अंगातलं ९० टक्क्यांहून अधिक शिसं हाडांतच असतं. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं निम्मं व्हायला मात्र दशकं लागतात. रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ होऊ लागली, खुबा मोडून कोणी महिनोन्महिने अंथरुणाला खिळलं किंवा थायरॉईडचं काम वाजवीपेक्षा वाढलं, की हाड झिजतं आणि जुनं शिसं पुन्हा रक्तात उतरतं. बाहेरून नवं शिसं आलेलं नसतानाही!

म्हणून डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीसोबत कामाची यादीही न्या: बॅटरीचा कारखाना, छापखान्यातले खिळे, डाख देणं, जहाजतोडणी, रंगकाम. निवृत्तीनंतरचे छंदही त्यात लिहा. जुन्या खिडकीचा रंग पॉलिशपेपरने कोरडा घासला, तर शिशाची बारीक पूड उडते, नाकातोंडात जाते, बाहीवर बसते आणि तिथून घरभर पसरते. शंका असेल तर कोरडं घासूच नका. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि कामाचे कपडे वेगळे धुवा.

चुकीची तपासणी, चुकीचा अर्थ

रक्ताची तपासणी मुख्यतः अलीकडच्या काळातलं शिसं दाखवते. आकडा कमी आला म्हणून जुना साठा नाही, असं ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसं आढळलं, तर ते कुठून येतंय हे शोधून ते थांबवावं. याचा अर्थ ४ सुरक्षित, असा मात्र नाही.

आर्सेनिकच्या बाबतीत उलटा घोळ होतो. समुद्री मासे खाल्ल्यावर लघवीतलं एकूण आर्सेनिक भरमसाट वाढलेलं दिसतं. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी प्रकारचं असतं, पण रिपोर्ट पाहून घरात रडारड होते. तपासणीआधी तीन-चार दिवस मासे, शिंपले बंद ठेवा, आणि आकडा जास्त आला तर आर्सेनिकचे प्रकार वेगळे करून मोजायला सांगा. पाऱ्याचंही तसंच: माशांतून आलेला पारा रक्तात शोधायचा, पाऱ्याच्या वाफेमुळे झालेली बाधा लघवीत.

आधी औषध देऊन धातू लघवीत उतरवायचा आणि मग तो आकडा बिनऔषधाच्या नॉर्मलशी ताडायचा, या प्रकाराला मात्र सरळ नकार द्या. निरोगी माणसाचा आकडाही असा फुगतो.

'डिटॉक्स' म्हणून चिलेशन

ज्येष्ठांच्या बाबतीत सगळ्यात महागात पडू शकणारी चूक ही. शिशाची बाधा खरोखर गंभीर असेल तेव्हा चिलेशन, म्हणजे औषध देऊन अंगातला धातू लघवीवाटे बाहेर काढणं, उपयोगी आहे, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. त्यासाठी वापरलं जाणारं एक औषध, डायसोडियम ईडीटीए, रक्तातलं कॅल्शियमही ओढून घेतं आणि त्याने मृत्यू झालेले आहेत. वयाने किडनी मंदावलेली असेल तर धोका आणखी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. चिलेशनने रक्तातलं शिसं ६० टक्क्यांच्या आसपास घटलं, पण हृदयाचे त्रास काही कमी झाले नाहीत. आणि शिसं येणं चालूच असेल, तर औषध देऊन उपयोग काय?

सहज निसटणाऱ्या गोष्टी

पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक किंवा शिसं जात नाही. उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण वाढतं. सिगारेटमधलं कॅडमियम किडनीत दशकानुदशकं साठतं, आणि सुरुवातीच्या इजेत क्रिएटिनिन (किडनीसाठीची नेहमीची रक्ततपासणी) ठीकही येऊ शकतं. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर जुने कागद काढून तो कशाचा आहे ते बघा. धातूवर धातू घासणारा असेल आणि ऐकू कमी येणं, धाप लागणं असं काही सुरू झालं असेल, तर रक्तातलं कोबाल्ट (असा सांधा झिजताना सुटणारा धातू) तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा.