फवारणीत या चुका टाळा: पऱ्हाटीवाल्या शेतकऱ्यांसाठी

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या पिकावर, कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी-मजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती आणि दाटलीही होती. नोझल वर धरून फवारायचं, की तोच फवारा आपल्या तोंडावर यायचा. तेव्हापासून शिबिरं होतात, मास्क-हातमोजे वाटले जातात, पण बांधावर उभं राहून पाहिलं तर चुका त्याच दिसतात.

पहिली चूक मालकाची आहे, मजुराची नाही. बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप रिकामे होतील तितके पैसे. मग माणूस भर उन्हात थांबत नाही, वारा फिरला तरी ओळ बदलत नाही, आणि हात न धुताच भाकर खातो. त्याला दोष देण्यात काय अर्थ? दिवसाची रोजी ठरवा. फवारणी सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर करा, वारा पाठीशी ठेवा, एकाच माणसाला रोज रोज पंप देऊ नका. पीक खांद्याच्या वर गेलं असेल तर शक्यतो फवारूच नका.

विष तोंडावाटेच पोटात जातं, हा गैरसमज फार खोल बसलाय. फवारणाऱ्याच्या अंगात ते जास्त करून कातडीतून शिरतं. झाकणाचा वायसर गेलेला पंप पाठीवरून ओघळत राहतो, शर्ट भिजतो, आणि तो शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावरच असतो. सगळ्यात धोक्याचा क्षण असतो तो औषध कालवण्याचा, कारण तेव्हा ते पाणी न मिसळलेलं, अस्सल असतं. नेमकं तेव्हाच लोक उघड्या हातानं ढवळतात. काठी वापरा, हातमोजे तिथे आधी घाला. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश पंपासोबत बांधून ठेवा. नाकाला बांधलेला सुती रुमाल ओला झाला की तोच विष धरून ठेवतो.

बाटलीवरचा त्रिकोण पाहायची सवय लावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ज्याला लेबल वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो, म्हणून पंप पाठीवर घेणाऱ्याला तो दाखवा.

मात्रा झाकणानं मोजणं ही रोजची चूक. शिफारस बहुतेक 10 लिटर पाण्यासाठी असते, पंप मात्र 16 किंवा 20 लिटरचा. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के 10 लिटरला 2.5 मिली असेल, तर 16 लिटरच्या पंपाला बरोबर 4 मिली लागतं. मापाचा प्लास्टिक पेला दहा-वीस रुपयांत मिळतो. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून दर 10 लिटरचा हिशेब बदलतो, पण एकरी औषध तेवढंच राहतं. हे दुकानदाराला विचारूनच करा, अंदाजानं नाही.

आता सगळ्यात जास्त येणारी तक्रार: “फवारलं, तरी कीड मरत नाही.”

इथे आधी बाटल्यांची नावं नाही, आतला घटक वाचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, अॅसिटामिप्रिड ही तीन नावं, पण रासायनिक गट एकच. तुडतुड्यांवर (पानांचा रस शोषणारी कीड) पहिल्या वेळी एक, दुसऱ्या वेळी दुसरं मारलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. शिवाय बीटी बियाणं सहसा इमिडाक्लोप्रिड लावूनच पाकिटात येतं. म्हणजे कीड त्या गटाशी आधीच ओळख करून बसलेली असते, आणि आपण पहिल्याच फवारणीला तेच मारतो. पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची घ्या, नंतर खरंच गरज असेल तर वेगळा गट निवडा. दर पानाला सरासरी 2-3 तुडतुडे दिसल्याशिवाय पंप काढायचं कारण नाही. सुरुवातीलाच सायपरमेथ्रिनसारखं औषध मारलं तर ढालकिडे आणि क्रायसोपा हे कीड खाणारे मित्रकीटक मरतात, मग पांढरी माशी उसळते. त्या माशीवर पुन्हा खर्च.

गुलाबी बोंडअळीचं वेगळं आहे. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि भोक बुजतं. मग वरून काहीही फवारा, तिला लागत नाही. म्हणून एकरी 2 कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. एका सापळ्यात रोज 8 पतंग असे सलग 3 रात्री सापडले, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळ्या (अळी शिरल्यानं न उमलता मिटलेली फुलं) दिसल्या की हातानं तोडून नष्ट करा, हे काम कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त पडतं.

एकाच पंपात कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत, टॉनिक सगळं ओतायचं, हेही थांबवा. मिश्रण फाटतं किंवा पानं करपतात. कालवायचंच असेल तर आधी काचेच्या बरणीत थोडं करून अर्धा तास पाहा. विहिरीचं पाणी फार क्षारयुक्त असेल तर काही औषधं त्यातच निकामी होतात, म्हणून कालवलेलं तासन्‌तास ठेवू नका.

पानं अचानक भेंडीसारखी लांबट, चिरलेली दिसली तर कीड शोधत बसू नका. बहुतेकदा 2,4-डी मारलेला तणनाशकाचा पंप नीट न धुता वापरलेला असतो. पऱ्हाटीला त्याचा अंशही सहन होत नाही. दोन पंप वेगळे ठेवा.

शेतातलं औषध घरात आणू नका. उवांसाठी लेकराच्या डोक्याला, ढेकणांसाठी खाटेला, गोचिडांसाठी गाईच्या अंगाला शेतातलं औषध लावतात, यात माणसं आणि जनावरं दोन्ही गेली आहेत. मलेरियासाठी आरोग्य खात्याचे लोक भिंतीवर फवारतात ते वेगळं, तिथे दर चौरस मीटरची मात्रा ठरलेली असते. पण ती फवारणी झाली की लगेच घर लिंपू नका, औषध मातीखाली जातं आणि डासाला लागत नाही.

रिकाम्या बाटल्यांबद्दल एकच सांगतो. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 लेकरं गेली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. स्वयंपाकाचं तेल कीटकनाशकाच्या डब्यात ठेवलं होतं, असं तपासात पुढे आलं. डबा तीनदा धुवा, ते पाणी पंपातच ओता, डब्याला भोकं पाडा. तो घरात येऊ नये.

डोळ्यांपुढे धुकं, तोंडाला लाळ, घाम, उलटी, अंग थरथरणं असं काही झालं तर पंप तिथेच उतरवा. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, 108 ला फोन करा. उलटी काढू नका, दूध-तेल पाजू नका. डॉक्टर अॅट्रोपिन देतात ते ऑरगॅनोफॉस्फरस गटाच्या औषधांवर चालतं, सगळ्यांवर नाही. त्यांना गट कळला पाहिजे. म्हणून त्या दिवशी पंपात जेवढं काही गेलं, त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून सोबत न्या.