मराठी विकिपीडियावर लिहिताय? आधी 'इतिहास' उघडा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी मराठी विकिपीडियावर सोलापूरबद्दल लिहिते. परवा शेजारच्या सूनबाई म्हणाल्या, "बाई, मलाही शिकवा की." त्यांना सांगितलं तेच इथं लिहून ठेवते.

खातं उघडायला दोन मिनिटं लागतात. खरं नाव द्यायची सक्ती नाही. पण खातं उघडलं म्हणून लगेच लेखात हात घालू नका. तुमच्या नावाची 'धूळपाटी' असते, तिथं आधी गिरवा. ठळक अक्षर, दुवा, संदर्भ, सगळं तिथं चुकवून बघता येतं.

मग आपल्या आवडीचा एखादा लेख उघडा आणि वर 'इतिहास' आहे तिथं दाबा. लेखात आजवर झालेला प्रत्येक बदल तिथं ओळीनं दिसतो: कोणी केला, कधी केला आणि का केला. शेजारी आकडा असतो. मजकूर वाढला तर हिरवा, घटला तर लाल. हा आकडा अक्षरांचा नाही, बाईटचा आहे, म्हणजे संगणकात मजकुराला लागणाऱ्या जागेचा. देवनागरीत एका चिन्हाला ३ बाईट लागतात, म्हणून छोटं वाक्यही मोठं दिसतं. कुठल्याही दोन आवृत्त्या निवडून शेजारी-शेजारी लावता येतात. काय गेलं, काय आलं, लगेच कळतं.

हे मला उशिरा कळलं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेबद्दल, त्या यात्रेत खांद्यावर पेलतात त्या उंच काठीच्या, नंदीध्वजाच्या, सरावाबद्दल, आजोबांकडून ऐकलेली चार वाक्यं मी लेखात घातली. संध्याकाळी पाहते तर गायब! फार लागलं मला. ज्या माणसानं खांद्यावर नंदीध्वज पेलला त्याचं सांगणं खोटं कसं? इतिहास उघडला तर कारण लिहिलेलं होतं: संदर्भ नाही. मग लेखाच्या 'चर्चा' पानावर जाऊन विचारलं. उत्तर सभ्य आलं. माहिती खोटी आहे असं कोणी म्हणत नव्हतं, वाचणाऱ्याला ती पडताळता यावी एवढंच म्हणणं होतं. हिराचंद नेमचंद वाचनालयात दोन दुपारी बसले. चारपैकी दोन वाक्यांना छापील आधार मिळाला. ती पान क्रमांकासकट पुन्हा घातली, आजही आहेत. उरलेली दोन माझ्या वहीत आहेत.

चर्चा पानावर लिहिलं की शेवटी चार वेळा ~ हे चिन्ह टाका. तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. सही नसेल तर कोण बोलतंय तेच समजत नाही. एखाद्या लेखापुरता प्रश्न नसेल, तर सगळ्यांनी मिळून बोलायचं पान, 'चावडी' आहे. नाव किती नेमकं ठेवलंय बघा! तिथं नवख्यालाही वाट दाखवतात.

बदल जतन करताना 'सारांश' ही चौकट रिकामी सोडू नका. "तारीख दुरुस्त केली, संदर्भ जोडला" एवढं पुरतं. पुढं इतिहास वाचणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

भाषेचं एक सांगते. स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर लिहिताना माझं मन भरून येतं, विशेषणं आपसूक येतात. ती मी काढते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. या वाक्याला आणखी काही जोडायची गरज आहे का?

फोटो चढवायचा तर विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाची चित्रं जिथं ठेवतात त्या संकेतस्थळावर, आणि स्वतः काढलेलाच. व्हॉट्सॲपवर आलेला भुईकोट किल्ल्याचा सुंदर फोटो चालत नाही, कारण तो दुसऱ्याचा आहे. तुमचा फोटो तिथं गेला की तुमचं नाव देऊन तो कोणीही वापरू शकतो, अगदी विकायच्या पुस्तकातसुद्धा. हे मान्य असेल तरच चढवा. किल्ल्याचा फोटो काढायला सूनबाई रविवारी सकाळी माझ्याबरोबर येणार आहेत.