कोरफड वाफ्यातून कुंडीत हलवताना या चुका टाळा

वाफ्यातली कोरफड दोन-तीन वर्षांत पिल्लांनी इतकी दाटते की मूळ झाड कुठलं तेही कळत नाही. तिथून कुंडीत आणलेलं झाड मेलं, तर ते बहुधा तहानेनं नाही, पाण्यानं मरतं.

लावल्याबरोबर पाणी घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुळस किंवा मोगरा हलवताना ते बरोबरच असतं. कोरफडीचं तसं नाही. खणताना तिची मुळं तुटतात, आणि जखम ओली असताना पाणी मिळालं की तिथूनच कूज सुरू होऊन बुंध्यापर्यंत चढते. म्हणून झाड काढलं की माती झटका, काळी बुळबुळीत मुळं कापा आणि दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी नुसतं पडू द्या. मग कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी पाच-सात दिवसांनी. तेवढे दिवस पानांतल्या साठ्यावर ती आरामात काढते.

उपटताना पानं धरून ओढू नका. पान तळाशी फाटतं. मुळं खोल जात नाहीत, आडवी पसरतात. बुंध्यापासून वीतभर लांब गोल खणा, खालून उचला. पिल्लू वेगळं करायचं तर त्याला स्वतःची मुळं हवीत.

वाफ्यातली काळी माती तशीच कुंडीत भरली तर ती ओल सोडत नाही, आणि वाळली की विटेसारखी होते. दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, एक भाग गांडूळखत एवढं पुरे. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरत असाल तर चाळून भुकटी काढा. समुद्राची वाळू खारट, ती नकोच. तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत घरोघर आहे, पण त्यानं निचरा सुधारत नाही. ओल खडीच्या वरच अडते, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवा, झालं.

‘पुढे वाढेल’ म्हणून भलीमोठी कुंडी घेऊ नका. मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन इंच रुंद हवी. शक्यतो मातीची घ्या: ती लवकर वाळते, आणि डोईजड कोरफड कलंडत नाही.

आधी उन्हातच होती म्हणून लगेच उन्हात ठेवली, तर पानं तांबूस पडतात. दहा दिवस सावली, मग सकाळचं ऊन. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले.

नंतर पानं पातळ होऊन आत वळली, तर आधी दोन इंच बोट खुपसून बघा. माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असूनही पानं सुकत असतील तर मुळं गेलीत. आणखी पाणी घातलं की उरलेलंही जाईल. झाड उपटा, मऊ पडलेला बुंधा आतला भाग स्वच्छ दिसेपर्यंत धारदार सुरीनं कापा, आठवडाभर वाळवा आणि कोरड्या वाळूत उभं करा.