घरी बनवलेला फोर बाय फाइव्ह कॅमेरा: या चुका टाळा

गिरगावातल्या खोलीत जमवलेल्या, चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर फोटो काढणाऱ्या माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या आठही निगेटिव्ह धूसर आल्या आणि मी चोर बाजारातून आणलेल्या लेन्सवर संशय घेत बसलो. लेन्स उत्तम होती. फोकस पाहायला मागे लावतात ती दुधी काच उलटी बसली होती.

काचेची घासलेली बाजू लेन्सकडेच हवी. २ मिमी जाडीची काच उलटी लागली की फोकस सव्वा मिमीच्या आसपास सरकतो. एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, ही चूक झाकली जाते, म्हणून तपासणी लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच करा.

बाजू बरोबर असली तरी काच किती खोल बसली आहे ते मोजायलाच हवं. फोकस झाला की काचेच्या जागी फिल्मचा चपटा डबा, म्हणजे होल्डर, सरकवतात. होल्डरमध्ये फिल्म ज्या पत्र्यावर टेकते, तो होल्डरच्या दर्शनी कडेपासून ५ मिमी आत असतो. त्यातून फिल्मची जाडी, साधारण ०.१८ मिमी, वजा केली की ४.८ उरतात. काचेची खाच तेवढीच खोल हवी. व्हर्नियरच्या दांडीने चारही कोपरे मोजा, पट्टीवर विसंबू नका.

मग टेबलावर सहा पेन्सिल सेल तिरक्या रांगेत उभे करा, तिसऱ्यावर फोकस करा आणि एक फिल्म खर्ची घाला. निगेटिव्हमध्ये मागचा सेल स्पष्ट आला तर काच लेन्सपासून लांब बसली आहे, खाच घासा. पुढचा आला तर काचेखाली कागदाच्या पट्ट्या द्या. झेरॉक्सचा साधा कागद जेमतेम ०.१ मिमी भरतो. काम चिकाटीचं आहे, पण ते होईपर्यंत भात्याला, म्हणजे लेन्स आणि मागची चौकट जोडणाऱ्या घडीच्या पडद्याला, हात लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

भाता पेटीच्या भात्यासारखाच घडीच्या कोपऱ्यात आधी विरतो. रात्री काळोख करून आत टॉर्च ठेवा, डोळे सरावायला दहा मिनिटं द्या आणि भाता पूर्ण ताणून चारही बाजूंनी पाहा. सुईच्या टोकाएवढं भोकही निगेटिव्हवर काळा ढग उठवतं.

जवळचा फोटो घेताना १५० मिमीची लेन्स फिल्मपासून ३०० मिमीवर गेली, तर एक्स्पोजर चौपट लागतं.

राहिलं लाकूड. पॉलिश आपण बाहेरून मारतो आणि खाचा कोऱ्या सोडतो. मुंबईची ओल तिथूनच शिरते. खाचांनाही दोन हात द्या. एवढं करून जुलैत होल्डर अडकलाच, तर लगेच लाकूड घासू नका. घासलंत तर ऑक्टोबरच्या उन्हात तोच होल्डर खुळखुळतो आणि कडेने प्रकाश आत येतो.