जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल पाहायचे कसे

बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचे दर्शन घ्यायचे, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलवर पाच मिनिटे नजर फिरवायची आणि परतायचे, हा पर्यटकांचा नेहमीचा क्रम. तो उलटा करा. सकाळी आधी इथे या. दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. दुपारनंतर ऊन मागे जाते आणि पांढरी भिंत सावलीत पडते. दीड तास हाताशी ठेवा, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेरचे पाहून घ्या.

दारात शिरण्याआधी वरचा लॅटिन शिलालेख शोधा. 1562 मध्ये पोर्तुगालचा राजा सेबास्तियांवच्या काळात बांधकामाचा हुकूम झाला आणि ते राजकोषाच्या खर्चाने पुढे चालले, असे त्यात म्हटले आहे. इमारत समजून घ्यायची किल्ली हीच. ही गावची इगर्ज, म्हणजे साधे चर्च, नव्हे, सत्तेने उभारलेले बिशपचे पीठ आहे. ‘से’ म्हणजे आसनच. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी गोवा जिंकला, तो सांता कातारीनाचा, म्हणजे संत कॅथरीनचा, दिवस. म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाचे. विजयाची तारीख अशी वेदीवर जाऊन बसली.

आता मागे सरका, हिरवळीच्या टोकापर्यंत. बुरूज एकच दिसतो. उत्तरेकडचा 1776 मध्ये पडला तो पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे चौकट तिरकी वाटली तर दोष कॅमेऱ्याचा नाही. उरलेल्या बुरुजात ‘सोन्याची घंटा’ आहे. नाव पडले ते आवाजावरून, धातूवरून नाही. इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, जाहीर शिक्षांची वर्दी हीच घंटा द्यायची, असे सांगतात. इन्क्विझिशनचा वाडा शेजारीच होता. आज त्याची एक भिंतही उभी नाही.

भिंती चिऱ्याच्या, वर चुन्याचा गिलावा. तो केवळ शोभेचा नाही: जांभा सच्छिद्र असतो, गोव्याचा पाऊस थेट पितो आणि झिजतो. बॉम जेझूचा गिलावा 1950 च्या दशकात उतरवला गेला, तेव्हापासून तिथला दगड उघडा पडून झिजतो आहे. दोन्ही भिंती लागोपाठ पाहिल्या की फरक कळतो.

आत थेट मुख्य वेदीपाशी जाऊ नका. आधी बाप्तिस्म्याचे दगडी कुंड पाहा. ते 1532 चे, म्हणजे या इमारतीहून जुने. मग बाजूची चॅपेले, त्यातही चमत्काराच्या क्रूसाचे. त्याची कोरीव लाकडी जाळी नीट पाहा. घाईत तीच सुटते. शेवटी सोनेरी वेदी: तिच्यावर कातारीनाच्या हौतात्म्याचे प्रसंग आहेत.

दर दहा वर्षांनी शवप्रदर्शनासाठी फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॉम जेझूतून इथे आणतात. मागचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. त्या दिवसांत, तसेच 3 डिसेंबरच्या झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, इमारत निवांत पाहायचा बेत आखू नका.